बुटकीची नवमी

आण्णांची कंपनी बंद झाली त्या दिवशी ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि डबा तसाच भरलेला परत घेऊन आले. गेटला साखळी होती, बाहेर पोलिसांची गाडी होती आणि आत त्यांचा बॉयलर एकटाच थंड होत होता. "निदान नीट विझवून येतो, तेवढं आत सोडा म्हणलं, तर न्हाई सोडलं," एवढंच ते आईला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना होता, तिथे ते बॉयलरवर होते. सांगलीकडच्या कोरड्या तालुक्यातून आम्ही बोईसरला आलो ते त्या बॉयलरच्या जिवावर. चाळीच्या मागून नाला वाहायचा, आणि आज कुठला रंग चाललाय ते आम्हा पोरांना नाल्याकडे बघून कळायचं. एक कारखाना बंद झाला म्हणून नाल्याचे रंग काही कमी झाले नाहीत. आमच्या घरात मात्र सगळं थांबलं. आण्णा सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहायचे. तिथे उत्तरेकडची तरणी पोरं "चाचा, आप बैठो" म्हणून त्यांना मायेनंच मागे सारायची आणि मुकादम पुढच्यांना टेम्पोत भरून न्यायचा. आई वीजकेंद्राच्या कॉलनीत दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली. दुपारचा भोंगा वाजला की आण्णा, घरात असले तर, झोपेतसुद्धा उठून बसायचे. पाळी नव्हती, पण अंगाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

गावाकडून येणारं ज्वारीचं पोतं त्या वर्षी आलं नाही, कारण तिकडेही पिकलं नव्हतं. आई तांदळाच्या भाकरीवर आली. तिच्या पहिल्या भाकऱ्या तव्यावरच फुटायच्या आणि ती तव्यालाच बोल लावायची. कालवणाचा प्रश्न सोडवला तो सातपाटीच्या हिराबायनं. सुक्या मासळीची टोपली घेऊन ती आमच्या चाळीत यायची. आम्ही घाटावरची माणसं. टोपली दाराशी आली की आईचा पदर नाकाला जायचा. एकदा हिराबायनं टोपलीच उंबऱ्यात ठेवली. "काय गो, नाक कशाला धरतेस? बोंबील हाय, मेलेला उंदीर नाय!" आणि न विचारता आत येऊन तिनं आमच्या स्टोव्हवर कांदा परतला, मूठभर जवळा टाकला, कोकम टाकलं. "पोर शिकते ना तुजी? शिकनाऱ्या पोरीला मासं लागतं." आईनं पहिला घास डोळे मिटून घेतला आणि दुसरा डोळे उघडे ठेवून. हल्ली मी केळव्याला राहते. शनिवार-रविवारी मुंबईची ओळखीपाळखीची माणसं समुद्र बघायला येतात आणि माझ्याकडे जेवतात. "हे काय आहे, किती छान," म्हणून कांद्यातला जवळा मागून मागून घेतात. मी त्यांना हिराबायचं नाव सांगते. एवढं तरी करायलाच हवं.

अशा घरातून मी पालघरच्या कॉलेजात गेले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. निकालाच्या दिवशी आण्णांनी अख्ख्या चाळीत गूळ-खोबरं वाटलं. तोवर त्यांना दुसऱ्या एका कारखान्यात वॉचमनचं काम मिळालं होतं, आणि माझ्या नोकरीचं चित्र त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं: टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हात गेले होते तसेच स्वच्छ. आणि मी काय केलं? पालघर आणि बोईसरच्या मधे, रुळांच्या पूर्वेला, एका जुन्या मालधक्क्यावर सरकारी पैशातून रेल्वेचं संग्रहालय उभं राहत होतं, तिथे हंगामी तांत्रिक सहायक म्हणून लागले. काम काय, तर भंगारात निघालेली वाफेची इंजिनं पुन्हा जिवंत करायची. जुनी इंग्रजी पुस्तकं वाचून ती मिस्त्र्यांना मराठीत समजावून सांगेल असं कुणीतरी त्यांना हवं होतं. पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा आईनं मला दारातच उभं केलं आणि बंबात पाणी तापवलं. आण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुला शिकवली ती भट्टीत डोकं घालायला व्हय?" म्हणाले, आणि जेवायला बसले.

आमच्याकडे आलेलं पहिलं इंजिन म्हणजे बुटकी. ती कुठल्याशा खडीच्या खाणीत डबे ओढायची. आखूड, ढेरपोटी, वर छोटंसं धुराडं. रघुनाथ मिस्त्रींनी तिला बघताक्षणी ते नाव ठेवलं. मिस्त्री इथलेच, केळवे-माहीमकडचे, अंगानं आडवे, तोंडानं मोकळे. उमेदीत त्यांनी वाफेच्या गाड्यांवर फायरमनचं काम केलं होतं, पुढे फिटर झाले. त्यांच्या हाताखाली लहानू. मनोरच्या वरच्या पाड्यावरचा वारली, माझ्यापेक्षा वयानं मोठा, तीन पोरांचा बाप. पाऊस संपला की पूर्वी तो वीटभट्टीवर जायचा, आता रोजंदारीवर आमच्याकडे. बुटकीला कधीतरी कुणीतरी "शोभेची" केलेली होती, म्हणजे जाड काळा रंग सगळीकडे फासलेला, तेल सोडायच्या भोकांतसुद्धा. पहिला सगळा उन्हाळा आमचा तो रंग खरवडण्यात गेला. पितळी झाकणं चोरीला गेली होती, ती नव्यानं ओतून घेतली. बॉयलरच्या पोटातून भट्टीची आग वाहून नेणाऱ्या नळ्या कुजल्या होत्या, त्या बोईसरच्याच एका वर्कशॉपमधून करून आणल्या. रंगाच्या कारखान्यांचे बॉयलर तीच माणसं दुरुस्त करायची, त्यामुळे वाफ म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नाही. चाकांच्या सांध्यांना तेल ठिबकत राहावं म्हणून तेलाच्या डब्यांत लोकरीच्या वाती घालाव्या लागतात, त्या आईनं वळल्या. देवाच्या वाती वळायच्या तशाच, मांडीवर. "एवढ्या मोठ्या धुडाला एवढीशी वात?" म्हणून हसायची, पण एक वात सैल झाली तर उकलून पुन्हा वळायची.

या कामाला दोन पावसाळे गेले आणि संग्रहालयाच्या समितीचा धीर सुटत चालला. शेवटी असं ठरलं की नवरात्रानंतर बॉयलरचे सरकारी निरीक्षक येतील. त्यांनी पास केली तर बुटकी चालती ठेवायची. नाही केली तर तिच्या भट्टीत सिमेंट भरून गेटसमोर चौथऱ्यावर कायमची बसवायची. चौथऱ्याचा खड्डा आधीच खणून झाला होता. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि बेडूक ओरडत होते. चौथऱ्यावरच्या इंजिनाला तांत्रिक सहायक लागत नाही, माळी लागतो, हे मला कळत होतं. आण्णांनाही कळत होतं. त्यांनी त्यांच्या कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याच्या कानावर माझं नाव घालून ठेवलं होतं. स्टोअरमध्ये कारकुनाची जागा होती, दसरा झाला की ये म्हणाले होते. "तुझं ते इंजिन चाललं तर ऱ्हा तिथंच, मी एक शब्द बोलायचो न्हाई," आण्णा म्हणाले. "न्हाई चाललं, तर मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसायचं." मी हो म्हटलं. मला खात्री होती. त्या वयात ती असते.

निरीक्षक यायचे होते एकादशीला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. थंड बॉयलर एकदम तापवला तर लोखंड वेडंवाकडं ताणलं जातं, म्हणून अष्टमीलाच आम्ही भट्टी पेटवली आणि मंद आच धरली. ती तशीच एकादशीपर्यंत राखायची, मग वाफ चढवायची. मधे आली खंडेनवमी. तारापूर-बोईसरला त्या दिवशी कुठल्याही शेडमध्ये जा, झेंडूची तोरणं, यंत्रांना हळदीकुंकू, आणि सतरंजीवर ओळीनं मांडलेली हत्यारं दिसतील. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही. त्यालाही वर्षातून एक दिवस विसावा. आमच्याकडे सगळी मांडामांड मिस्त्रींची. "लहानू, सगळी हत्यारं आण हां," ते म्हणाले. "एक पन मागं ठेवू नको. आनि एकदा ठेवलं की उद्यापर्यंत हलवायचं नाय, काय?" लहानू म्हणाला, "बरं." त्यानं पाने आणले, हातोडे आणले, नळ्या फिरवायचं हत्यार आणलं, आणि कोळशाचं फावडं आणि भट्टीतले निखारे खालीवर करायची सळईसुद्धा आणली. आम्ही सगळ्यांनी ती ओळ पाहिली. फावड्याला हळद मीच लावली. आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आता भट्टीला कोळसा कशानं घालायचा. आरती झाली, नारळ फुटला, पेढे खाऊन माणसं घरी गेली. मी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीचे रबरी वायसर आणायला बोईसरला गेले, कारण दुपारनंतर दुकानं बंद होणार होती. भट्टीपाशी लहानू एकटा राहिला.

मी परतले तेव्हा शेडमध्ये शिरतानाच तो आवाज ऐकला. चर्र. मग थोडं थांबून पुन्हा चर्र. भट्टीत वाकून पाहिलं तर नळ्यांची तोंडं जिथे पत्र्यात बसवलेली असतात तिथून पाण्याचे थेंब निखाऱ्यांवर पडत होते. लहानू हात पाठीमागे धरून उभा होता. "बाय, ती रडाय लागली," तो म्हणाला. मी विचारलं, काय झालं? फावडा पूजेत होता म्हणून कोळसा हातानं टाकला, म्हणाला, आणि दाराची कडी तापलेली, पुन्हा पुन्हा हात लावता येईना, म्हणून दार उघडंच ठेवलं. तिथेच सगळं झालं होतं. भट्टीचं दार उघडं राहिलं की बाहेरची गार हवा थेट तापलेल्या नळ्यांवर जाते. नळ्या आकसतात आणि बैठकीतून सैल होतात. "दार उघडं ठेवलंस?" मी ओरडले. आवाज शेडच्या पत्र्यांत घुमला. मी दार बंद केलं, खालची हवा बंद केली, आता हिला आपोआप निवू देणं एवढंच हातात होतं, आणि स्टेशनबाहेरच्या बूथवरून मुंबईला गेलेल्या आमच्या साहेबांना फोन लावला. परत आले तर लहानू निघून गेला होता. साहेब माणूस वाईट नव्हते, पण दोन वर्षं समितीची बोलणी त्यांनीच खाल्ली होती. "तपासणी पुढे जाणार नाही," ते फोनवर म्हणाले होते. "निरीक्षकांची बदली झालीय. आता नाही तर चौथरा. ड्यूटीवर कोण होतं?" मी नाव सांगितलं. "त्याला उद्यापासून येऊ नको म्हणावं." मी म्हटलं, "उद्या सुट्टी आहे, सर." साहेब म्हणाले, "मग परवापासून."

घरी घटावर कडाकण्या टांगलेल्या होत्या. आमच्याकडे नवमीला करतात, गूळ घालून, पापडासारख्या पातळ, आणि दसऱ्याला उतरवून खातात. मी जेवायला बसले आणि सगळं सांगितलं. आण्णांनी घास खाली ठेवला. जिंकल्यासारखं त्यांच्या तोंडावर काही नव्हतं, उलट कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसे ते ऐकत होते. "मग आता?" मी म्हटलं, "दसऱ्याच्या दुपारपर्यंत निवेल. सैल झालेल्या नळ्या आत शिरून पुन्हा बसवायच्या, अंगात ऊब आहे तोवर संध्याकाळी पुन्हा पेटवायची. पण आत शिरायचं काम लहानूचं. मिस्त्री त्या दारात मावत नाहीत." आई इतका वेळ भाकरी थापत होती. ती मागे न वळता म्हणाली, "आगं, पर त्याचं हात कसं हायत?" एवढं सगळं सांगितलं, नळ्या, हवा, निरीक्षक, चौथरा. तापल्या भट्टीत अर्धा दिवस हातानं कोळसा घालणाऱ्या माणसाच्या हातांचं काय झालं, हे मी, मिस्त्री, साहेब, कुणीच विचारलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाल्यावर मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला. "म्हंजे माज्याच सांगन्यावरून झालं. मीच बोललो ना त्याला, एक पन मागं ठेवू नको." त्यांनी झेंडूचा हार घातलेली आपली एम-एट्टी मोपेड काढली. "बस मागं." मिस्त्रींचं वजन आणि त्या गाडीचा जीव यांचा मेळ कधीच नव्हता. मनोरपर्यंत ठीक गेलो, पुढे पाड्याच्या चढावर गाडीनं नाही म्हटलं. मी उतरून मागून ढकलत होते आणि ते वर बसून म्हणत होते, "ताय, जरा जोर लाव, आज सोन्याचा दिवस हाय." मी म्हटलं, "तुम्ही उतरा ना, मिस्त्री." तर म्हणाले, "मी उतरलो तर चालवील कोन?"

लहानूचं घर कुडाचं, बाहेर खाटेवर नागलीची कणसं वाळत घातलेली. तो ओट्यावर बसला होता, दोन्ही हातांना पाला वाटून बांधलेला, वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. त्याची म्हातारी आई आम्हाला बघून उठली नाही. "हात बघाया आलीस काय बाय, की अजून मागाया?" मी खाली बसले. हात बघायला, म्हटलं, पण खरं सांगायचं तर मागायलाही. म्हातारीला माझं खरं बोलणं आवडलं की काय कोण जाणे, तिनं नातवाला पाणी आणायला सांगितलं. समोरच्या वावरात लहानूची बायको उरलेली नागली कापत होती. मिस्त्रींना गप्प बसवेना. चेष्टा केल्याशिवाय त्यांना माफी मागता येत नसे. "काय रे लहानू, आज दसऱ्याचा इळा चालतो तुमच्यात? काल फावडा नाय उचललास तो?" लहानूनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "आमच्यात कुटं हाय खंडेनवमी? आमची वाघबारस. ती अजून याची हाय."

मिस्त्रींचं हसू तोंडावरच राहिलं. "मंग फावडा का नाय उचललास, बाबा?"

"तुमी सांगितलाव, हलवाचा नाय. देव तुमचा. मी उचलला आसता न् मागून काय झाला आसता, तर कोनी तरी बोलला आसता, लहानूनं बाटवला." तो अगदी साध्या आवाजात बोलला, तक्रार म्हणून नाही, आज ऊन आहे म्हणावं तसं. "हात तं माजे होते. त्यांना कोनी पूजेत ठेवला नव्हता."

मिस्त्री ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी तुला इचारायला पायजे होतं. नाय इचारलं." त्यांच्या तोंडून मी चेष्टेशिवाय ऐकलेलं ते पहिलं वाक्य. लहानू म्हणाला, "साहेबांनी मला काडला ना?" मी म्हटलं, "परवापासून येऊ नको म्हणालेत, ते काल. म्हणजे उद्यापासून. आजचं काही बोलले नाहीत." म्हातारी फस्सकन हसली. "हात नाय चालत बाय," लहानू म्हणाला. "माझे चालतील. आत येऊन तू फक्त दिवा धर, आणि कुठली कुठली नळी रडत होती ते दाखव." तो उठला. निघताना म्हातारीनं आपट्याची एक डहाळी माझ्या हातात दिली. पहाटे ती डोईवर भारा घेऊन मनोरच्या बाजारात विकून आली होती. "आमी पाला इकतो, तुमी सोना बोलता," म्हणाली. येताना लहानू आमच्या दोघांच्या मधे बसला. चढ आता उतार झाला होता, म्हणून जमलं.

भट्टीच्या दारातून आत जायचं म्हणजे आधी दोन्ही हात, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून दुसरा. मी आण्णांची जुनी खाकी पँट घातली होती, कमरेला सुतळी. आत भिंती अजून ऊबदार होत्या, चुलीजवळ बसावं तशा, आणि मला वाटलं त्याहून जागा खूपच कमी. लहानू माझ्या आधी कोपरांवर सरपटत शिरला होता. दोन मनगटांमध्ये त्यानं दिवा धरला. "ही. आनि तिच्या डाव्या हाताची. वरची पन, ती हळूहळू गळत होती." नळीच्या तोंडात हत्यार घालायचं, दांडा फिरवायचा, आतले रूळ नळीला बाहेर दाबत जातात आणि ती पत्र्याला घट्ट बसते. थोडं कमी फिरवलं तर गळते, जास्त फिरवलं तर पत्रा पातळ होतो. हे सगळं मी पुस्तकात वाचून मिस्त्रींना समजावलं होतं. स्वतःच्या हातानं एकही नळी फिरवली नव्हती. पहिल्या नळीत हत्यार घातलं आणि दांडा फिरवायला लागले. "आता जड लागतो काय?" लहानू विचारायचा. मी म्हणायचे, लागतो. "अजून वाईच. हां. आता सोड." घाम डोळ्यांत जात होता, काजळी नाकात, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून बसलो होतो. लहानू एकदा म्हणाला, "बाय, शिकून पन तू हितंच आलीस," आणि आम्ही दोघंही त्या लोखंडाच्या पोटात इतके हसलो की बाहेरून मिस्त्री ओरडले, "आत काय तमाशा लावलाय?"

मधेच मी दाराकडे सरकले आणि पाय बाहेर लोंबकळत सोडून जरा पाठ टेकली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "ही माझी पँट हाय." आईनं आण्णांना डबा देऊन पाठवलं होतं. संग्रहालयात ते पहिल्यांदाच येत होते. आता ते काहीतरी बोलतील म्हणून मी तशीच थांबले. मी आत सरकून वाट दिली तसा लहानू बाहेर आला, त्याच्या हातांच्या चिंध्या त्यांनी पाहिल्या, आणि त्याला कोळशाच्या ढिगाजवळ बसवून डबा उघडला. "हं. आ कर." लहानू लाजला. "ऱ्हाऊ द्या, आण्णा, मी मागून खाईन." "आ कर म्हणलं न्हवं." पुरणपोळीचा घास दुधात बुडवून त्यांनी त्याला भरवला, मग दुसरा. बॉयलरवरच्या माणसाचे हात भाजलेले असले की काय होतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मग कडाकणीचा तुकडा घेऊन ते भट्टीच्या दाराशी आले. मी काळा हात पुढे केला. "हात धू आधी." "आत पाणी कुठंय?" "मग तू बी आ कर," म्हणाले.

संध्याकाळी बुटकी पुन्हा पेटवली. रात्रभर आळीपाळीनं आच राखली, या वेळी फावड्यानं आणि दार क्षणभरच उघडून. आण्णाही पाळीला बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आता दर वर्षी आमच्या शेडमध्ये नवमीच्या पूजेआधी भट्टीचं फावडं बाजूला ठेवतात आणि नव्या माणसाला विचारतात, तुझ्याकडे काय पद्धत आहे? हल्लीची पोरं तसं का विचारायचं ते जाणत नाहीत, नुसतं विचारतात. तेही पुरे.

एकादशीला निरीक्षक आले. कोरडा माणूस, चहासुद्धा नको म्हणाले. वाफ चढत गेली. त्यांनी भट्टीत बॅटरी मारली, कान देऊन ऐकलं, दाबाच्या काट्याकडे पाहिलं, पुन्हा ऐकलं. आग तेवढी बोलत होती, चर्र असं काही नव्हतं. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि पांढरी वाफ शेडच्या छतापर्यंत गेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. "नळ्या कुणी फिरवल्या?" मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं, मी लहानूकडे. "एकानं फिरवल्या आणि दुसऱ्यानं दाखवल्या, असं लिहिता येत नाही मला," ते म्हणाले. "चालवून दाखवा." मिस्त्री वर चढले, मी कोळशाला. साहेब खाली उभे होते. लहानू बांधलेल्या हातांनी गाडीच्या बाजूनं चालत येत होता आणि त्याच्या शेजारी आण्णा. बुटकी एकदा हिसका देऊन मागे सरकली, मग पुढे निघाली, सायडिंगच्या, बाजूला काढलेल्या रुळाच्या, टोकापर्यंत गेली आणि तिथून स्वतःच्या वाफेवर परत आली.

ती पास झाली. साहेबांनी लहानूला काढायची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि पुढे त्याला कायम करून घेतलं ते त्यांनीच भांडून. आण्णांनी कारखान्यात जाऊन, आमची मुलगी येणार नाही, असं स्वतः सांगितलं. मी त्या संग्रहालयात निवृत्त होईपर्यंत राहिले, आणि माझ्या तिथल्या वर्षांत आम्ही आणखी इंजिनं चालती केली. बुटकी त्यातली पहिली. ती आजही चालते.